पावसाळ्यातल्या कोंबड्यांसाठी हिवाळ्यातले ओट: गोव्यातल्या परसासाठी लागवडीपासून खाऊ घालण्यापर्यंत

गोव्यात ओट पिकवून मक्याची गोणी बंद करता येईल, असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. ओट हे थंडीचे पीक. त्याला मानवते ते १५ ते २५ अंशांचे हवामान. आपल्याकडे जानेवारीतही दुपारचा पारा ३२ अंशांच्या आसपास असतो. पंजाब, उत्तर प्रदेशात हे पीक जेवढा दाणा देते तेवढा इथे देणार नाही. तरीही दहा-वीस-तीस कोंबड्या पाळणाऱ्याने भातकापणीनंतर मोकळ्या पडणाऱ्या तुकड्यात ओट घ्यावे असे मला वाटते. त्याचे कारण मात्र ऊर्जा किंवा प्रथिने नाही, तूस आहे.

जून ते सप्टेंबर आपल्या कोंबड्या अर्ध्याअधिक वेळ कोंडलेल्या असतात. बाहेर चिखल, वर संततधार. उकरायला जागा नाही, चोचीला काम नाही. मग एकमेकींची पिसे उपटणे सुरू होते, शेपटीच्या मुळाशी रक्त दिसते आणि रक्त दिसले की बाकीच्या तिथेच टोचत राहतात. या दिवसांत तुसासकट ओट खाद्यात असेल तर हा त्रास कमी होतो. कोंबडीला दात नसतात. दळण्याचे काम पोटातली जाड मांसल पिशवी करते. तुसाचे चिवट तुकडे त्या पिशवीत बराच वेळ राहतात, तिला काम मिळते, ती बळकट होते, पोट भरल्यासारखे राहते आणि चोच दुसरीच्या पिसांकडे कमी वळते. म्हणून या लेखातला सगळा हिशेब पावसाळा धरून मांडला आहे: नोव्हेंबरात पेरायचे, फेब्रुवारी-मार्चात काढायचे, कोरडे ठेवायचे आणि मृगानंतर खाऊ घालायचे.

दाण्यात काय असते

आधी आकडे पाहू, म्हणजे अपेक्षा जमिनीवर राहतील. तुसासकट ओटात साधारण १० ते १२ टक्के प्रथिने असतात, म्हणजे मक्यापेक्षा थोडी जास्त. तंतूही जवळपास तेवढेच, १० ते १२ टक्के. मक्यात ते दोन-अडीच टक्केच. दाण्याच्या वजनात तुसाचा वाटा २५ ते ३० टक्के. एक किलो मका कोंबडीला सुमारे ३३०० किलोकॅलरी देतो, ओट २५०० ते २६००. या फरकामुळेच व्यापारी ब्रॉयलरवाले ओटाकडे ढुंकून पाहत नाहीत, आणि त्यांचे बरोबर आहे. सहा आठवड्यांत दोन किलोचा पक्षी करायचा असेल तर तूस खाऊ घालणे परवडत नाही.

ओटात बीटा-ग्लुकान नावाचा चिकट तंतूही असतो. माणसांना डॉक्टर ओट खायला सांगतात ते यासाठीच. पिलांच्या कोवळ्या आतड्यात मात्र तोच चिकटपणा नडतो. विष्ठा बुळबुळीत होते, मागची पिसे लडबडतात. आठ आठवड्यांच्या आतल्या पिलांना ओट घालूच नये.

दुकानातले डब्यातले ओट म्हणजे तूस काढून, वाफवून, चपटे केलेले. ते कोंबड्यांना घातले तर अपाय नाही, पण ज्यासाठी आपण हा खटाटोप करतो ते तूसच त्यात नसते. शिवाय किंमत पाहता ते आपणच खाल्लेले बरे.

किती जागा, किती दाणा

आपल्याकडे जमीन चौरस मीटरमध्ये मोजतात, तसाच हिशेब मांडू. ५०० चौरस मीटरचा तुकडा धरा. त्यातले १०० चौरस मीटर हिरवे कापून घालण्यासाठी आणि ४०० दाण्यासाठी. थंड प्रदेशात हेक्टरी २० क्विंटल दाणा चांगला मानतात, म्हणजे १०० चौरस मीटरला २० किलो. इथे त्याच्या निम्मा धरा. म्हणजे ४०० चौरस मीटरमधून ४० किलो.

आता कोंबडीच्या बाजूने पाहू. अंड्यावरची कोंबडी दिवसाला १०० ग्रॅमच्या आसपास खाते. त्यात १५ टक्के ओट म्हणजे १५ ग्रॅम. २५ कोंबड्यांना दिवसाला ३७५ ग्रॅम. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंतचे सुमारे ११० दिवस धरले तर ४१ किलो. म्हणजे २५ कोंबड्या आणि ५०० चौरस मीटर हे माप बरोबर जुळते. कोंबड्या दहाच असतील तर २०० चौरस मीटर पुरे. पाचशे पक्ष्यांची शेड असेल तर हा लेख तुमच्यासाठी नाही. तुम्ही भाताचा तूस किंवा गव्हाचा कोंडा विकत आणून तंतूची गरज भागवा.

जागा निवडताना

खाजन, म्हणजे खाडीकाठची बांध घातलेली जमीन, सोडून द्या. पाऊस ओसरला की तिथे खारटपणा वर येऊ लागतो आणि ओटाला तो सोसत नाही. जिथे वायंगण, म्हणजे उन्हाळी भात, होते तिथे वायंगणच करा. भाताची जागा ओटाला देण्यात शहाणपण नाही. ओटाची जागा म्हणजे मरडाची (उंचावरची) किंवा मधल्या उंचीची, भात निघाल्यावर आपण चवळी, मिरची, रताळी लावतो ती किंवा नुसतीच पडून राहते ती. मागच्या वर्षी चवळी घेतलेला तुकडा सर्वांत उत्तम, कारण चवळीच्या मुळांनी जमिनीत नत्र सोडलेले असते.

आपली जांभी माती आम्लधर्मी. गहू किंवा बार्ली तिथे रडतात, ओट मात्र आम्लता बऱ्यापैकी सोसते. सामू (पीएच) ५.५ च्या वर असेल तर चुना घालायची घाई नको. मातीचा नमुना विभागीय कृषी कार्यालयात किंवा कृषी विज्ञान केंद्रात देऊन एकदा तपासून घ्या. उत्तर गोव्याचे केंद्र जुने गोव्यात, दक्षिणेचे मडगावात आहे.

पाण्याचा हिशेब मात्र पेरणीआधी झालाच पाहिजे. ५०० चौरस मीटरला ५ सेंटीमीटर पाणी द्यायचे म्हणजे एका पाळीला २५,००० लिटर. अशा सहा-सात पाळ्या लागतात. घरच्या पिण्याच्या विहिरीवर हा भार टाकू नका, एप्रिलमध्ये तुम्हीच बादली घेऊन उभे राहाल. पेडणे, डिचोलीत तिळारीचा कालवा, सत्तरीत अंजुणे धरणाचे पाणी, सांगे-केपेत साळावली, नाहीतर गावच्या नदीवरचा बंधारा: यांतले काही हाताशी असेल तरच दाण्यासाठी ओट घ्या. पाणी थोडेच असेल तर नुसता हिरव्यासाठी लहान वाफा करा.

आणखी एक गोष्ट. डोंगराच्या पायथ्याच्या गावांत, वाळपईकडे किंवा सांग्याच्या आतल्या भागात, डिसेंबर-जानेवारीच्या रात्री किनाऱ्यापेक्षा चांगल्याच थंड असतात. तिथे दाणा भरण्याची शक्यता जास्त. कळंगुट, कोलव्याकडच्या वाळूत दाण्याची आशा धरू नये.

बियाणे

ओट आपल्याकडे ‘चारा बियाणे’ म्हणून विकले जाते. हिंदीत त्याला जई म्हणतात, पिशवीवर तेही नाव दिसेल. केंट ही जुनी, सगळीकडे मिळणारी जात. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची ‘फुले हरिता’ आपल्याला जवळची. झाशीच्या चारा संशोधन संस्थेच्या जेएचओ मालिकेतल्या जातीही बाजारात असतात. दुकानदाराला एकच प्रश्न विचारा: ही एका कापणीची की अनेक कापण्यांची? अनेक कापण्यांच्या जाती उशिरा फुलतात. उशीर म्हणजे आपल्याकडे सरळ मार्चच्या उन्हात दाणा भरणे. लवकर निसवणारी, म्हणजे लोंबी लवकर बाहेर काढणारी, जात घ्या.

दाण्याच्या पिकाला हेक्टरी ८० किलो बियाणे पुरते, म्हणजे १०० चौरस मीटरला ८०० ग्रॅम. हिरव्याच्या वाफ्यात दाट पेरायचे, १०० चौरस मीटरला एक किलो. आपल्या ५०० चौरस मीटरसाठी साधारण सव्वाचार किलो.

गुलाबी किंवा हिरवा रंग चढवलेले बियाणे म्हणजे त्याला बुरशीनाशक लावलेले असते. पेरून उरले तर ते कोंबड्यांना घालू नका, शेणखताच्या ढिगावरही टाकू नका, कोंबड्या तिथेही पोचतात. बिनरंगाचे मिळाले तर पेरणीपूर्वी किलोला अडीच ग्रॅम थायरम चोळून घ्या.

पेरणी

भात ऑक्टोबरात निघाले की जमिनीत ओल असतानाच पॉवर टिलर घालून घ्या. जांभी माती एकदा वाळली की वीट होते. पण चिखलात टिलर घालू नका, वाफसा येऊ द्या, म्हणजे माती ओलसर पण न चिकटणारी होऊ द्या. दोन आडव्या-उभ्या पाळ्या, ढेकळे फोडणे आणि पाणी सारखे फिरेल असे सपाट लांबट वाफे.

खताची सोय तुमच्या खुराड्यातच आहे. कोंबडखत ताजे घालू नये, मुळे जळतात. निदान दोन-अडीच महिने ढीग करून कुजवलेले हवे. असे कुजलेले दीडशे किलो कोंबडखत ५०० चौरस मीटरला पेरणीआधी मिसळा. सोबत १२ किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि दोन किलो म्युरेट ऑफ पोटॅश. एवढे कोंबडखत असेल तर युरिया पुढे पंचविसाव्या दिवशी तीन किलो पुरे. कोंबडखत नसेल तर साडेसहा किलो युरिया लागेल, अर्धा पेरताना, अर्धा पंचवीस-तीस दिवसांनी. हात सैल सोडू नका. नत्र जास्त झाले की ओट उंच, लुसलुशीत होते आणि लोंबीच्या भाराने लोळते. लोळलेल्या पिकात दाणा भरत नाही, बुरशी मात्र भरपूर येते.

पेरणीची वेळ १ ते १५ नोव्हेंबर. ऑक्टोबरात पेरले तर परतीचा पाऊस बियाणे कुजवतो. डिसेंबरात पेरले तर फुलोरा फेब्रुवारीअखेर येतो, आणि उन्हात फूल वांझ राहून लोंबीत नुसते पळंज, म्हणजे पोकळ दाणे, लटकते. या पंधरवड्यात जमले नाही तर दाण्याचा विचार त्या वर्षापुरता सोडा आणि सगळा तुकडा हिरव्यासाठी वापरा.

दोन ओळींत २० ते २५ सेंटीमीटर अंतर ठेवून, ४-५ सेंटीमीटर खोल पेरा. फोकून पेरले तरी उगवते, पण तण काढताना पस्तावाल. पेरल्यावर हलके पाणी. आठवड्याभरात हिरवी रेघ दिसते.

पाणी, तण आणि चोर

उगवणीनंतर पहिले पाणी वीस-बावीस दिवसांनी, फुटवे फुटण्याच्या वेळी. त्याच्या आधी एकदा तण काढून घ्या. पुढे मातीप्रमाणे दहा-बारा दिवसांनी. जांभ्या, खडकाळ मातीत सात-आठ दिवसांनीच. पीक पोटरीत (लोंबी अजून पानाच्या देठात) असताना, फुलोऱ्यात आणि दाण्यात चीक भरताना पाणी चुकवू नका. पाणी संध्याकाळी दिले तर रात्री जमीन थंड राहते. आपल्या हवेत हे थोडेसेही उपयोगी पडते.

रोग-किडींत तीन लक्षात ठेवा. पानांवर नारिंगी पुटकुळ्या दिसल्या, बोटाला पूड लागली, की तो तांबेरा. जानेवारीच्या दवाच्या सकाळी तो वेगाने पसरतो. कोंबड्यांना खायला घालायच्या पिकावर औषध मारत बसण्यापेक्षा तेवढा पट्टा लगेच हिरवा कापून टाका. दुसरा मावा, ही रस शोषणारी बारीक कीड. थोडा असेल तर ढालकिडे त्याचा समाचार घेतात. जास्त झाला तर निंबोळी अर्क ५ टक्के. तिसरा रोग काणी: लोंबीत दाण्याऐवजी काळी भुकटी दिसते. अशी लोंबी पिशवीत झाकून काढा आणि जाळा. झटकली तर भुकटी शेजारच्या लोंब्यांवर बसते.

खरा उपद्रव मात्र चार पायांचा आणि पंखांचा आहे. भात निघाले की गावची गुरे मोकळी सुटतात आणि सगळ्या ओसाड मळ्यात तुमचाच तुकडा हिरवा दिसतो. कुंपणाशिवाय पेरणे म्हणजे गुरांसाठी पेरणे. शेजाऱ्यांनीही शेजारी चवळी-मिरची लावली तर राखण वाटून घेता येते. एकट्याने केलेले हिरवे फार काळ टिकत नाही. सत्तरी, डिचोलीकडे मोर आणि रानडुकरे. मोराला हात लावता येत नाही, कायद्याने तो संरक्षित आहे, म्हणून लोंबी निसवली की वरून जाळे. जाळे सगळ्या तुकड्यावर परवडत नसेल तर सर्वांत आधी निसवलेल्या भागावर तरी घाला. पोपट आणि मुनियांसाठी चमकती पट्टी चार दिवस चालते, मग पाखरे तिच्यावरच बसतात. तिची जागा बदलत राहायची.

हिरवे कापणे

१०० चौरस मीटरचा वेगळा वाफा पन्नास दिवसांनी, म्हणजे डिसेंबरअखेर कापायला येतो. जमिनीपासून चार बोटे वर कापा, पाणी द्या. महिन्याभरात दुसरी कापणी मिळते. एकदम सगळे कापू नका, रोज लागेल तेवढाच पट्टा.

कोंबडीला कोवळे पान हवे. दोन-तीन सेंटीमीटरचे तुकडे करून द्या. जून, लांब, कोरड्या काड्या गिळल्या तर गळ्याखालच्या पिशवीत त्यांचा गुंता होतो, पिशवी दगडासारखी कडक होते आणि कोंबडी खाणे सोडते. किंवा पेंढी बांधून खुराड्यात त्यांच्या डोक्याच्या उंचीवर टांगा. त्या उड्या मारत पाने ओरबाडतात, दुपार निघून जाते. एका कोंबडीला रोज २० ते ३० ग्रॅम हिरवे पुरे; जास्त दिले तर पोट पाण्याने भरते आणि अंडी कमी होतात.

या हिरव्याचा फायदा अंडे फोडल्यावर दिसतो. पिवळ्या मक्यातला रंग ओटाच्या दाण्यात नसतो, म्हणून नुसते ओट वाढवले की बलक फिका पडतो. हिरव्या पानांत तोच रंग भरपूर असतो. घरच्या गावठी अंड्याला भाव मिळतो तो त्या केशरी बलकामुळे. गिऱ्हाईक सालीचा रंग आणि बलकाचा रंग एवढेच पाहते.

जानेवारीअखेरचा निर्णय

पेरणीनंतर साधारण ७०-८० दिवसांनी लोंब्या निसवतात. त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी शेतात जाऊन दहा वेगवेगळ्या ठिकाणच्या लोंब्यांतले दाणे दोन बोटांत दाबून पाहा. पांढरा चीक निघाला आणि दाणा फुगीर लागला तर पीक ठेवा. निम्म्याहून जास्त दाणे दबून सपाट होत असतील, आत काहीच नसेल, तर उन्हाने फुलोरा मारला आहे. मग वाट पाहण्यात अर्थ नाही, पाणी आणि राखण दोन्ही वाया जाईल. चिकातले असतानाच सगळे पीक कापा, सावलीत दोन-तीन दिवस सुकवा, पेंढ्या करा आणि कोरड्या जागी टांगा.

हे पीक वाया गेले असे समजू नका. अर्धवट भरलेल्या लोंब्यांच्या पेंढ्या कोंबड्यांना तशाच टाकल्या की त्या स्वतःच मळणी करतात. दाणा खातात, पाने खातात आणि उरलेल्या काड्यांचा बिछाना होतो. दाणा कमी मिळाला तरी चोचीला काम मिळालेच.

कापणी आणि मळणी

दाणा ठेवला असेल तर फेब्रुवारीअखेर ते मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात पीक पिवळे पडते. आपल्या उन्हात ते थंड प्रदेशापेक्षा लवकर पिकते. नखाने दाबून दाण्यावर खूण उमटत नसेल तर कापणीची वेळ झाली. देठ अजून किंचित हिरवे असले तरी चालते. पूर्ण वाळेपर्यंत थांबलात तर वाऱ्याने दाणे झडतात. सकाळी दव असताना विळ्याने कापा, मग झड कमी होते.

पेंढ्या दोन-तीन दिवस उन्हात उभ्या करून वाळवा. मळणी भातासारखीच, फळीवर किंवा दगडावर बडवून. ताडपत्री घाला, सुपाने वारवा. तूस दाण्याला घट्ट चिकटून राहते, ते काढायचे नाही. वारवताना उडालेले हलके पळंज वेगळे ठेवा. त्यात अन्न फारसे नसते, पण ते खुराड्याच्या बिछान्यात चांगले मिसळते. ओटाची काडी भाताच्या पेंढ्यापेक्षा मऊ असते. गाय असेल तर तिला द्या, नसेल तर बिछान्याला.

साठवण

इथे बहुतेकांचे ओट वाया जाते. आपल्या जूनच्या हवेत गोणीतला दाणा ओल शोषून घेतो, मग सोंडे किडे, मग बुरशी. बुरशी आलेला दाणा कोंबड्यांनाच तर घालायचा आहे, असे म्हणून चालत नाही. बुरशीचे विष यकृतावर जाते; अंडी घटतात, पिले दगावतात, आणि बदके तर कोंबड्यांपेक्षाही लवकर बळी पडतात. कुबट वास आला, दाणे एकमेकांना चिकटून गठ्ठा झाला, की फेकून द्या. धुऊन, वाळवून, भाजून ते विष जात नाही.

म्हणून दाणा १२ टक्के ओलाव्यापर्यंत वाळवायचा. मोजायचे यंत्र नको, दाताखाली धरा: कट्कन फुटला तर झाले, चेपला तर अजून ऊन हवे. मार्चात तीन-चार दिवस ताडपत्रीवर पातळ पसरून वाळवा, संध्याकाळी झाकून ठेवा. मेच्या मध्यात, पूर्वमोसमी सरी पडायच्या आत, आणखी एक कडक ऊन द्या. त्यानंतर दाणा पूर्ण थंड होऊ द्या आणि मगच भरा. गरम दाणा बंद डब्यात घातला की झाकणाला घाम येतो आणि बुरशी तिथूनच सुरू होते.

४० किलो ओट हलके असल्याने ८०-९० लिटर जागा घेते. पण एकच मोठा पिंप घेऊ नका. घट्ट झाकणाचे ३०-३५ लिटरचे तीन पिंप घ्या, शिगोशीग भरा आणि एक संपल्यावरच दुसरा उघडा. रोज उघडणाऱ्या पिंपात रोज थोडी पावसाळी हवा शिरते. तीन असले की निदान दोन सुरक्षित राहतात. पिंप जमिनीवर नको, फळीवर किंवा विटांवर. कडुलिंबाचा वाळलेला पाला थरांत घालायला हरकत नाही. किडीसाठी विषारी वायूच्या गोळ्या घरात मुळीच वापरू नका.

खाऊ घालताना

एकदम १५ टक्क्यांवर जाऊ नका. पहिल्या तीन दिवसांत मूठभर, मग आठ-दहा दिवसांत हळूहळू पूर्ण प्रमाण. मोठ्या कोंबड्या अख्खा दाणा खातात, फक्त त्यांना बारीक खडे मिळाले पाहिजेत. मोकळ्या फिरणाऱ्या ते स्वतः वेचतात. पावसात कोंडलेल्यांना ज्वारीच्या दाण्याएवढी खडी एका पत्र्यात ठेवा. दोन ते चार महिन्यांच्या तलंगांना, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्यांना, भरडून, १० टक्क्यांपर्यंत.

काही कोंबड्या पहिल्यांदा ओट बाजूला सारतात. रात्री भिजत घाला, सकाळी पाणी निथळून द्या. मऊ तूस त्या आनंदाने खातात. भिजवलेले त्याच दिवशी संपले पाहिजे. पावसाळ्यात मोड आणून हिरवे करण्याचे प्रयोग बरेच जण करतात. एक किलो दाण्याचे पाच किलो हिरवे होते म्हणून खूश होतात. पण वाढलेले वजन पाण्याचे असते, सुक्या अन्नाचा अंश उलट थोडा कमीच होतो. आणि आपल्या दमट हवेत तिसऱ्या-चौथ्या दिवशी ट्रेच्या तळाला बुरशी येते. मोड आणायचेच तर एक-दोन दिवसांचे, पांढरे कोंब दिसताच द्या.

बाजारचे लेयर (अंड्यावरच्या कोंबड्यांचे) खाद्य वापरत असाल तर हिशेब सोपा: साडेआठ किलो खाद्यात दीड किलो ओट. मात्र असे केल्याने खाद्यातली प्रथिने १७ टक्के असतील तर १६ वर येतात आणि कॅल्शियम साडेतीनवरून तीनवर. प्रथिनांची ही घट गावठी किंवा वनराजा, ग्रामप्रिया या परसातल्या सुधारित जातींच्या कोंबडीला जाणवत नाही. कॅल्शियमची जाणवते, कवच पातळ होते. त्यावर उपाय आपल्या स्वयंपाकघरात आहे: तिसऱ्या आणि खुबे. शिंपले उकळून, उन्हात वाळवून, कुटून हरभऱ्याच्या डाळीएवढे करा आणि वेगळ्या भांड्यात ठेवा. ज्या कोंबडीला हवे ती खाते, बाकीच्या खात नाहीत.

खाद्य घरी बनवत असाल तर दहा किलोसाठी हे प्रमाण पाहा: मका भरड साडेचार किलो, ओट दीड किलो, सोयाबीन पेंड दोन किलो, भाताचा बारीक कोंडा ८०० ग्रॅम, कुटलेले शिंपले ८०० ग्रॅम, सुका जवळा ३०० ग्रॅम, खनिज-जीवनसत्त्व मिश्रण ७० ग्रॅम, मीठ ३० ग्रॅम. यात साधारण १७ टक्के प्रथिने आणि किलोला २६०० किलोकॅलरी बसतात. जवळा बिनमिठाचा पाहून घ्या. खारवलेली मासळी कुटून घातली तर मीठ जास्त होऊन कोंबड्या पाण्यावर तुटून पडतात, हगवण लागते, प्रसंगी मरतातही. बाजारात बिनमिठाची खात्री नसेल तर जवळा वगळा आणि सोयाबीन पेंड तेवढी वाढवा.

पावसाळ्यात मात्र ओट खाद्यात मिसळण्यापेक्षा निम्मे वेगळे काढून दुपारी तीन-चारच्या सुमारास बिछान्यावर विखरून टाका. पिसे उपटण्याचा उद्योग साधारण याच रिकाम्या वेळी चालतो. दाणे शोधत बिछाना उकरला जातो, खालचा ओला भाग वर येऊन सुकतो आणि अमोनियाचा वास कमी होतो. बिछाना ओलाच असेल तर आधी तो बदला. ओल्या घाणीतून दाणे वेचायला लावणे म्हणजे रक्ती हगवणीला बोलावणे.

एप्रिल-मेच्या काहिलीत ओट कमी करा, फार तर ५ ते १० टक्के, तेही पहाटे किंवा दिवेलागणीला. तंतू पचवताना शरीरात उष्णता वाढते आणि त्या दिवसांत कोंबडी आधीच चोच उघडी टाकून धापा टाकत असते.

पुढच्या वर्षाचे बी

मार्चात कापणीआधी शेतातून एक फेरी मारून सर्वांत आधी पिकलेल्या, भरगच्च लोंब्या वेगळ्या खुडून घ्या. आपल्या उन्हाच्या आत दाणा भरणारी झाडे तीच. पाच किलो बी पुरते. ते खायच्या दाण्यापेक्षा एक-दोन उन्हे जास्त वाळवा, थंड करा, लहान हवाबंद बरणीत भरून वर तारीख लिहा आणि पावसाळाभर बरणी उघडू नका. ऑक्टोबरात त्यातले शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून आठवडाभर ठेवा. ऐंशीच्या वर रुजले तर पेरा, साठ-सत्तर रुजले तर बियाण्याचे प्रमाण सव्वापट करा. त्याहून कमी असतील तर ते बी पेरू नका. बियाण्याला औषध लावायच्या आधीच ते कोंबड्यांना टाका आणि नवीन पिशवी आणा.